चैत्र बघून ठरवू

आमच्या आतोबांइतका ठाम मताचा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतका निर्णय पुढे ढकलणारा माणूसही झाला नसेल. हे दोन्ही एकाच माणसात कसं नांदतं असं कुणी विचारलं, तर मी त्याला इंदिरानगरमधल्या आत्याच्या बंगल्यात अर्धा दिवस बसवून ठेवीन. आत्याचे यजमान ते आमचे आतोबा. मूळचे निफाडकडचे. घरची द्राक्षबाग भावांकडे सोपवून ते पाटबंधारे खात्यात नोकरीला लागले, नोकरी संपूनही जमाना झाला, पण मनाने अजून बागेच्या बांधावरच उभे आहेत. केस वर्षातून दोनदाच कापतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, कारण द्राक्षवेलीची छाटणी तेव्हाच होते. एप्रिलची खरड छाटणी म्हणून अगदी मुळापर्यंत, ऑक्टोबरची गोडी छाटणी म्हणून जरा राखून. कॉलनीतल्या न्हाव्याला सुरुवातीला हे काही कळत नसे. आता तो कॅलेंडरकडे बघून स्वतःच विचारतो की आज कुठली छाटणी.

छाटणीची कात्री सदैव त्यांच्या खिशात असते. माझ्या लग्नात स्टेजच्या दोन्ही बाजूंना भाड्याच्या कुंड्या मांडल्या होत्या. मंगलाष्टकं चालू असताना सगळे अक्षता टाकत होते आणि आतोबा स्टेजच्या कोपऱ्यात वाकून त्या कुंड्यांची वाळकी पानं काढत होते. आमच्या सासूबाईंना ते डेकोरेशनवाले वाटले आणि त्यांनी त्यांना समईही जरा सरकवायला सांगितली. आतोबांनी ती सरकवली. मग आत्याने ओळख करून दिली, तेव्हा सासूबाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. आतोबा मात्र त्यांना, कुंड्यांना पाणी कमी पडतंय, एवढंच सांगून पंगतीला गेले.

पण त्यांचा खरा अधिकार चाले तो मोठ्या झाडांवर. कॉलनी वसली तेव्हा सगळ्यांनी एकदमच झाडं लावली होती, त्यामुळे ती म्हातारीही एकदमच झाली, आणि लावणारेही. कुणाचा शेवगा वाकला, कुणाच्या गुलमोहराची मुळं कंपाउंड फोडून बाहेर आली, की बोलावणं आतोबांना. ते येत, चप्पल काढत, खोडावर बोटांच्या पेरांनी टकटक करत आणि कान लावून उभे राहत. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा एका घरचा पांगारा ऐन थंडीत एक पान न ठेवता वाळून उभा होता. घरच्यांनी तो मेला असं ठरवून तोडणाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं. आतोबांनी नखाने साल खरवडली, आतला हिरवा रंग सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "झोपलंय ते. थंडीत कुठल्या झाडाचा निकाल लावायचा नाय. चैत्र बघून ठरवू."

चैत्र लांबच राहिला, फाल्गुनातच तो पांगारा लाल फुलांनी भरून गेला आणि आतोबांचं नाव झालं. तिथपासून ते वाक्य त्यांच्या जिभेवर जे बसलं ते उतरलंच नाही. फ्रीज बदलायचा का, चैत्र बघून ठरवू. गुडघ्याचं ऑपरेशन, चैत्र बघून. आतेभावासाठी सांगून आलेल्या मुलीच्या वडिलांनासुद्धा त्यांनी हेच उत्तर दिलं. ते बिचारे पत्रिकेतला काही दोष असेल म्हणून ज्योतिषाकडे धावले. शेवटी आतेभावाने चैत्राची वाट न बघता माघातच लग्न उरकून घेतलं.

त्यांच्या स्वतःच्या फाटकाशी बुचाचं एक झाड होतं. ते कुणी लावलं माहीत नाही, प्लॉट घेतला तेव्हापासूनच तिथे उभं होतं, उंच आणि सरळसोट. दिवाळीच्या सुमाराला ते फुलायला लागे आणि रोज सकाळी अंगणात लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असे. आत्याकडे मुक्काम असला की मी अंथरुणातूनच तो वास ओळखायची. त्या वासात थंडी असे, आत्याच्या पाणी तापवायच्या चुलीचा धूर असे, आणि आज अंघोळ टाळता येईल का हा विचार असे. आत्या आणि मी पायरीवर बसून त्या देठांची एकमेकांत गुंफण करून वेणी करायचो. सुई नको, दोरा नको. एवढं सुख पुढे कुठल्या दागिन्यात मिळालं नाही.

आतोबांची मात्र त्या फुलांमुळे पहिल्या वर्षी झोप उडाली होती. बुचाची फुलं फुलतात ती गळण्यासाठीच, हे साऱ्या जगाला माहीत. पण द्राक्षवाल्या घरात फुलगळ हा शब्द ऐकला तरी माणसं ताटावरून उठतात. निफाडच्या कडक थंडीत बाग वाचवायला पहाटे जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात. आतोबांनी तोच उपाय भर कॉलनीत केला. ओलं गवत आणि पालापाचोळा पेटवून झाडाखाली असा काही धूर केला की समोरच्या घरातून अग्निशमन दलाला फोन गेला. बंब आला. आतोबांनी जवानांना चहा पाजला, प्रत्येकाला खोडावर टकटक करून आवाज ऐकायला लावलं आणि फुलगळ कशी वाईट ते समजावून दिलं. आत्या आत पदर तोंडाला लावून हसत होती. फुलं गळायची थांबली नाहीत. पण धूर दरवर्षी होत राहिला, फक्त शेजाऱ्यांना आदल्या दिवशी निरोप जाऊ लागला.

वर्षं गेली आणि बूच पोकळ होत गेला. बुचाचं लाकूड मुळातच ठिसूळ. वाऱ्यात एखादी फांदी पडे. आतोबा ती उचलून ठेवत, खोडाला कान लावत आणि चैत्र बघायचं ठरवत. दुसऱ्याच्या झाडाचा निकाल ते पानं फुटली की लगेच लावत. स्वतःच्या झाडाचे किती चैत्र बघून झाले, हे विचारायची आमची छाती नव्हती.

गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाचं वादळ आलं. शेजारच्या बंगल्यात एक तरुण जोडपं नुकतंच राहायला आलं होतं, त्यांना तान्ही मुलगी. बुचाची मोठी फांदी तुटून त्यांच्या व्हरांड्यावर पडली आणि पत्र्यासकट खाली आली. व्हरांड्यात मुलीचा झोका टांगलेला होता. विजा चमकायला लागल्या म्हणून आईने तिला नुकतंच आत नेलं होतं. पाऊस थांबल्यावर ती मुलीला कडेवर घेऊन आतोबांच्या फाटकाशी आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, मला झाडाचं वाईट वाटतंय. पण मला आता तिला तिथे झोपवता येणार नाही."

आतोबा झाडापाशी गेले. चप्पल काढली, टकटक केली, कान लावला. मी पायरीवर उभी होते, मला तिथूनही तो पोकळ आवाज ऐकू आला. त्यांनी सवयीने तोंड उघडलं, "चैत्र..." आणि थांबले. चैत्र नुकताच होऊन गेला होता.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आत्याकडे न बघता म्हणाले, "ते झाड काढलं तर तुझ्या वेण्यांचं कसं?"

आत्याने कप खाली ठेवला. "वेणी माळायला केस तरी राहिलेत का मला? फुलं झाडून झाडून माझी कंबर गेली. मी गप्प होते ती तुमच्यासाठी. हे झाड गेलं तर हा माणूस कान कुठं लावणार, याची मला काळजी."

इतकी वर्षं दोघं एकमेकांसाठी ते झाड सांभाळत होते. मला हसू आलं. मी म्हटलं की फांद्या उतरवून घेऊ, दिवाळीत एकदा शेवटची फुलं बघू, मग काढू. आतोबांनी मान हलवली. "नाय. पावसाआधी. लेकराचा जीव टांगणीला लावून फुलं बघायची नसतात." त्याच आठवड्यात त्यांनी महापालिकेत अर्ज दिला, माणसं येऊन बघून गेली, परवानगी मिळाली आणि पाऊस लागायच्या आत झाड उतरलं. ते तोडत असताना आतोबा शेजारच्या व्हरांड्यात नव्या पत्र्याखाली त्या मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या पाठीवर ते हळूहळू थोपटत होते. खाली पडणाऱ्या फांद्यांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

यंदाच्या थंडीत मी आत्याकडे राहायला गेले. सकाळी जाग आली, पण वास आला नाही. बाहेर येऊन बघते तर कानटोपी घातलेले आतोबा खराट्याने स्वच्छ अंगण झाडत होते. मला बघून म्हणाले की आत्याची कंबर दुखते, म्हणून हल्ली मीच झाडतो. काय झाडता, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात शेजारची ती तरुण आई मुलीला घेऊन आली आणि आम्हाला तिच्या अंगणात घेऊन गेली. बुचाची मुळं लांबवर पसरतात आणि त्यांतून कोंब वर येतात. असा एक कोंब तिच्या व्हरांड्यासमोर आला होता, हातभर उंच आणि करंगळीएवढा जाड. घराच्या इतक्या जवळ ठेवावा की आत्ताच उपटावा, तिला कळत नव्हतं. उपटायला हात होत नाही, असंही ती म्हणाली.

आतोबांनी चप्पल काढली. गुडघा धरत कसेबसे खाली बसले आणि त्या कोंबावर एका बोटाने टिचकी मारून कान जवळ नेला. आम्ही सगळे गप्प. ती लहानगी तेवढी त्यांची कानटोपी ओढत होती. मग ते माझ्या आधाराने उठले आणि बराच वेळ त्या कोंबाकडे बघत राहिले. त्याला फुलं यायला किती काळ लागेल हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तेव्हा आपण असू की नाही हा हिशोबही ते मनात करत असावेत, कारण माझा हात त्यांनी सोडला नव्हता.

"आत्ता थंडी हे," ते म्हणाले, "चैत्र बघून ठरवू."

आयुष्यभर त्या वाक्याची आम्ही थट्टा केली. त्या सकाळी मात्र मला वाटलं की त्यांनी कधीच काही ठरवू नये, नुसते एकामागून एक चैत्र बघत राहावेत.