दूध आलं का?

बाळंतपणात माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरलं असेल, तर 'टेन्शन घेऊ नकोस' या वाक्याने. नवरा म्हणायचा, नणंद फोनवरून म्हणायची, खालच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टचं दार अडवून म्हणायच्या. आणि लगेच पुढचा प्रश्न, "दूध आलं का गं?" अरे, आलं असतं तर कशाला घेतलं असतं टेन्शन!

लेकीला घेऊन घोडबंदर रोडच्या आमच्या घरी आले, तेव्हा छाती दगडासारखी ठणकत होती आणि पोरीच्या तोंडात काही पडत नव्हतं. ती ओढायची, चिडायची, रडून लालबुंद व्हायची. मग मीही रडायचे. तपासणीला गेलो तर पोरीचं वजन घटलेलं. डॉक्टर म्हणाल्या, "दूध तयार होतंय. पण ते सोडणारं हार्मोन वेगळं असतं, आणि आई ताणात असली की ते अडतं. तुम्ही जरा सैल पडायला हवं. मालीश घेताय ना? त्याने मदत होते. तोवर वाटी-चमच्याने थोडं वरचं दूध द्या. पुढच्या वेळीही वजन असंच असलं, तर पूर्णपणे वरच्या दुधावरच न्यावं लागेल." त्या शेवटच्या वाक्याने मी आणखीच आवळले गेले.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझी आई आदल्या वर्षी गेली, टिटवाळ्याला बाबा एकटे. म्हणून सासूबाई आल्या डोंबिवलीहून, तिळाच्या तेलाचा डबा आणि घरचा लाकडी पाट घेऊन. पाट कुठे ठेवायचा म्हणून रिक्षावाला कुरकुरला, तर त्याला म्हणाल्या, "तुझ्या डोक्यावर ठेव." असा एकूण खाक्या.

मालीश करायला शहाडहून एक बाई यायच्या. हात छान, पण तोंडाला विश्रांती नाही. "मागच्या घरची बाळंतीण, काय सांगू ताई, दुधाने गाऊन भिजायचा तिचा!" मी पाटावर बसल्या बसल्या आणखी आखडायचे. शेवटी एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "बाई, हात चालवा, तोंड नको." बाई फणकारल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत.

झालं! मी नवऱ्यावर खेकसले, "तुझ्या आईने मालीशवाली पण घालवली!" स्वयंपाकघरातून आवाज आला, "ऐकू येतंय मला. पाटावर येऊन बस."

मी शरमेने अर्धी झाले. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघींनी एकमेकींना हात लावला होता तो फक्त पाया पडताना. आणि आता उघड्या पाठीने यांच्यापुढे बसायचं? पण यांना नाही म्हणायची कोणाची टाप! बसले.

त्याआधी त्यांनी माझा फोन कपाटात टाकला आणि मुलाला सांगितलं, "या घरात तो प्रश्न विचारायचा नाही. तुझ्या बहिणीलाही सांग." लिफ्टमध्ये काकूंनी त्यांनाच विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे सकाळीच येतं, पिशवीचं." काय बाई आहे! मी किती दिवसांनी हसले त्या वेळी.

त्यांचा हात जड आणि सावकाश होता. कोमट तेल घेऊन मानेपासून सुरुवात, मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी खाली, पुन्हा वर. बोलणं अजिबात नाही. पहिल्या एक-दोन वेळा मी परीक्षेला बसल्यासारखी बसले. मग हळूहळू कानापर्यंत चढलेले खांदे खाली यायला लागले. शेकानंतर झोप लागायला लागली, तीही गाढ. डॉक्टर सैल पडा म्हणाल्या होत्या ते म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. ते ठरवून होत नाही हो, कोणीतरी करून द्यावं लागतं.

आणि एका सकाळी त्यांचा अंगठा मानेखालच्या गाठीवर थांबला, आणि मला काय झालं कोण जाणे, मी हमसून हमसून रडायला लागले. "मला माझी आई हवी होती," मी म्हणाले. सासूपुढे! त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून गप्प होणार, तोच त्या म्हणाल्या, "हवीच गं. कोणाला नको असते?" हात चालूच होता.

जरा वेळाने छातीत मुंग्या आल्यासारखं झालं आणि मांडीवरचा पंचा भिजला. मी नुसती बघत राहिले. त्यांनी कोपराने दार ढकललं, नवऱ्याला हाक मारून लेक मागवली, माझ्याजवळ दिली. पोरगी घटाघटा प्यायला लागली. काय तो आवाज!

पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं निघालं, वाटी-चमचा सुटला. पण त्या सकाळी मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त म्हणाले, "आई, आलं हो." मागे वळून पाहिलं, तर त्या दंडाने डोळे पुसत होत्या.

"याच्या वेळी मला नाहीच आलं," दाराबाहेरच्या मुलाकडे मान करून त्या म्हणाल्या. "घरात येणारा प्रत्येक जण विचारून जायचा. पाठीवर हात मात्र कोणी ठेवला नाही."

मी मोकळा हात मागे नेला आणि त्यांचा हात धरला.

"अगं, तेल लागेल," त्या म्हणाल्या. पण हात काढून घेतला नाही.