चौदावं ताट

तान्ह्या पोळ्याचा दिवस, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पोरांचा सण. द्यायची रक्कम अठ्ठावीस रुपये. संध्याकाळच्या जेवणाला हजर: मी, बायको, माझी आई आणि आमची पाच वर्षांची मुलगी. रक्कम तिलाच मिळायची होती.

मुलीनं ताट चाटूनपुसून रिकामं केलं की दोन रुपये, असा आमच्या घरचा नियम होता. दिवसाची दोन जेवणं, आठवड्याची चौदा ताटं; हिशेब आठवड्याला व्हायचा आणि त्या संध्याकाळचं ताट चौदावं होतं. मी माजरीकडे कोळशाच्या काट्यावर नोकरी करतो. रिकामा ट्रक मोजायचा, भरलेला मोजायचा, फरक लिहायचा. घरी वहीत मुलीचं वजनही लिहीत होतो, दर महिन्याला अंगणवाडीत मोजलं की लगेच.

नियमाला कारण होतं. अडीच वर्षांची असताना मुलगी अंगणवाडीच्या तक्त्यावर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे वजनात कमी निघाली होती. अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, "भाऊ, पोरीले चांगलं खाऊ घाला." आईला तो घराण्याचा अपमान वाटला. त्या दिवसापासून आम्ही तिघं कामाला लागलो. बायको समोर मोबाइल लावून घास भरवायची. पोरगी तोंड फिरवायला लागली की आई म्हणायची, "हा एक आजीचा, हा एक बाबाचा." मी दोन रुपये ठेवले. वर्षभरात रेघ हिरव्यात गेली. पुढेही चढत राहिली. थांबा असं कोणी म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी मुलगी लाकडी बैल घेऊन बोजारा मागायला निघाली. आमच्या ओळीत अकरा घरं आहेत. प्रत्येक घरी बैलाला कुंकू लागतं आणि पोरांना पैसे किंवा खाऊ मिळतो. मी मागून चाललो होतो. चौथ्या घराच्या पायरीवर ती बसली. बाकीची पोरं पुढे गेली.

"काऊन बसली वं?" मी विचारलं.

"पाय दुखून राह्यले. बैल तुमीच न्या."

ते घर अंगणवाडीच्या बाईंचंच. त्यांनी बैलाला कुंकू लावलं, मुलीला पाणी दिलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, गेल्या महिन्यात तेवीस किलो भरली. उंचीच्या मानानं लय होते हे. लेकरू चार घरं चालत नाई, दिसून राह्यलं नं?"

"खाऊ घाला असं तुमीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. तवा कमी होती. तुमी अजून तेच करून राह्यले?"

मी दोन रुपयांचं सांगितलं. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

"पोट भरल्यावर खायचे पैसे देता?"

"मंग किती द्यायचं तिले? अंदाजे ग्रॅममध्ये सांगा."

"काय द्यायचं, कवा द्यायचं, ते तुमी ठरवा. किती खायचं, ते तिले ठरवू द्या. मोबाइल बंद ठेवा, सोबत जेवा, ताट रिकामं करायला लावू नका. भाऊ, ते पोरगी हाये, ट्रक नाई."

मला पटलं की नाही, हे आजही सांगता येत नाही. कमी होती तेव्हा मोजून भरवलं. जास्त झाली तर मोजून कमी करावं, हे मला कळलं असतं. पण मोजूच नका म्हणजे काय करायचं? पाच वर्षांच्या पोरीला जे कळतं, ते वही ठेवणाऱ्याला कळत नाही?

घरी येऊन सांगितलं तर आई उखडली. "खात्या लेकराले नजर लावली त्या बाईनं!" बायकोनं मोबाइल उचलून फळीवर ठेवला.

संध्याकाळी आदल्या दिवशीची पुरणपोळी होती, तूप होतं. आम्ही चौघं एकत्र बसलो. मोबाइल नसल्यामुळे पोरगी आमच्या तोंडांकडे बघत जेवत होती. अर्धी पोळी खाऊन ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, "हा एक आजीचा—" बायकोनं आईच्या हातावर हात ठेवला.

"पोट भरलं?" मी विचारलं.

तिनं पोटावर हात ठेवला, जरा विचार केला. असा विचार करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "भरलं. पण दोन रुपये जातीन नं?"

पुढचे घास ती माझ्या दोन रुपयांसाठी खाणार होती, हे समोर दिसत होतं. ताट टाकूनही पैसे दिले, तर उद्या ती पैशासाठी उपाशी उठेल. दिले नाहीत, तर आत्ता खाईल. दोन्ही बाजूंनी तिच्या भुकेला माझाच भाव लागत होता.

"ताटाचे पैसे आजपासून बंद," मी म्हटलं. "झाले तेवढे देतो."

तिचे डोळे भरले. आई मला म्हणाली, "सणाच्या दिवशी रडवलं लेकराले, चांगलं केलं!"

मुलगी उठली. ताट तसंच राहिलं. कोपऱ्यातला लाकडी बैल घेऊन ती दाराबाहेर गेली आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "आमच्या बैलाचा बोजारा द्या."

आई रागातसुद्धा हसली. उठून तिनं बैलाला कुंकू लावलं.

बोजारा कशाबद्दल देतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. पोरगं बैल घेऊन दारात आलं की देतात. शेवटी दिले ते असे: तेरा ताटांचे सव्वीस रुपये आणि बोजाऱ्याचे दहा, दोन्ही मुलीच्या हातात. चौदाव्या ताटाचे कोणालाच नाहीत.