रिकाम्या पोर्टातलं अस्तर

“राउटर आणलाय? उलटा करा.”

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात गिऱ्हाईक टेकायच्या आत दुकानदार काका हे म्हणायचे. घराणं शिंप्याचं; गिऱ्हाइकाची पाठ मापावी तशी राउटरची पाठ बोटांनी चाचपायचे.

मी पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. राउटरचे पोर्ट संपले, म्हणून जादा वायरी जोडायला नेटचा स्विच हवा होता. ढीगभर सेटिंगवाला, भारी मॉडेल मनात धरूनच गेलो होतो. “सुम्ने कशाला, सार?” काका म्हणाले. “डोकं चालवायला राउटर आहे की. ह्याने फक्त वायरी वाटायच्या. साधा आठ पोर्टचा गिगाबिट घ्या. अष्टे.” ‘सुम्ने’ म्हणजे उगाच, ‘अष्टे’ म्हणजे बस्स, एवढंच; ती मराठी-कानडी खिचडी मी घरी बायकोला नक्कल करून दाखवली. पोट धरधरून हसलो. तुम्हीही हसला असतात, उगाच सोवळे होऊ नका.

स्विच काकांनी स्वतः येऊन बसवला. झकास चालला. तो बघून आमच्या बिल्डिंगच्या कमिटीने सगळ्या फ्लॅटांचं काम त्यांनाच द्यायचं जवळजवळ ठरवलं. तेवढ्यावर आपलं दुकान तगेल, हे काका लपवत नव्हते.

मग आली आयुधपूजा. म्हैसुरात त्या दिवशी स्कूटरपासून कात्रीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. मीही स्विच पुसला, कुंकू लावलं. लॅपटॉप पूजेला मांडल्यामुळे त्याच्या वायरीचं एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं लोंबत होतं. वाईट दिसतं म्हणून मी तेही त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचलं.

घरभर नेट ठप्प! माझं डोकं फिरलं. बिल्डिंगच्या ग्रुपवर खरडलं, ‘मंडी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्याने भंगार गळ्यात मारलंय. त्याला काम देऊ नका.’

कमिटीकडून ते कानावर गेल्यावर दुसऱ्या दिवशी काका आले, सणाच्या कपड्यांत. एक वायर उपटली आणि नेट सुरू.

“एकाच वायरीची दोन्ही टोकं ह्याच्यात कोणी घातली, सार? सगळं ह्याच्यातच गरगर फिरत राहतं. गुदमरतो बिचारा.” त्यांनी पिशवीतून अस्तराचा तुकडा काढून रिकाम्या पोर्टात ठासला. मग दाराशी चपला घालता घालता म्हणाले, “ग्रुपात एक ओळ लिहा. चूक कोणाची ते नको. स्विच बरा आहे, अष्टे.”

“लिहितो की!”

नाही लिहिलं. कॉम्प्युटरवाल्याला वायर खोचता येत नाही म्हणून बिल्डिंग हसली असती, आणि मला दुसऱ्याला हसता येतं, स्वतःवरचं हसू सोसत नाही. काम दुसऱ्याला गेलं, दुकान बंद पडलं. काका एच. डी. कोटे ह्या गावी मुलीकडे राहायला गेले. लाज वाटते हो, पण घरात, दार लावून.

स्विच अजून झकास चालतो. दर आयुधपूजेला मी त्या अस्तरालाही कुंकू लावतो.

परवा नव्या भाडेकरूने ग्रुपवर विचारलं, ‘एच. डी. कोटेहून एक काका बसने येऊन स्विच बसवून देतात म्हणे. बोलावू का?’ कोणीतरी माझाच जुना मेसेज पुढे केला. सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

मी माझ्या त्या जुन्या मेसेजखाली वर केलेला अंगठा टाकला.