खुर्चीशेजारी उभी

“बसा की. इथं काही तुमची लाइन चालू नाहीये.”

मॅडम असं म्हणाल्या आणि शेजारचे सर हसले. समाजशास्त्राच्या एम.ए.ची प्रवेश मुलाखत. मी खुर्चीशेजारी उभी होते. खुर्ची रिकामी आहे हे दिसत होतं मला. पण सहा वर्षं चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधतेय. आमच्या लाइनवर बायकांना खुर्ची नसते. आठ तास उभं राहायचं, आणि साहेब समोर आला की आणखी ताठ. अंगात मुरलंय ते. मग मी बसले.

हा विषय का शिकायचाय, असं अर्जात विचारलं होतं. मी खरं ते लिहिलं. कंपनीत कायम कामगारांचा शर्ट निळा, आम्हा कंत्राटी बायकांचा करडा. कँटीन एकच. तरी करडे शर्ट मागच्या बाकांवर बसतात. असा नियम कुठंच लिहिलेला नाही. मग तो केला कुणी, हे मला शिकायचंय. थेरगावच्या खोलीत आठ दिवस जागून लिहिलं होतं.

सरांनी अर्ज चाळला. आडनावावर थांबले.

“गाव कुठलं?”

“धाराशिवकडचं.”

“गावात घर कुठल्या बाजूला?”

हा प्रश्न मला शाळेपासून ओळखीचा आहे. विचारणाऱ्याला घरी यायचं नसतं. “शेवटाला,” मी म्हणाले. आवाज खाली गेला. त्या खाली गेलेल्या आवाजाची मला अजून लाज वाटते.

मग मॅडम गोड झाल्या. “तुमचं मटेरियल फार छान आहे हो. प्रवेशाचं बघू, थिअरी झेपायला हवी. पण आमचा एक प्रोजेक्ट आहे. लाइनवरच्या बायका आमच्या विद्यार्थ्यांशी बोलतील ना? नंबर लिहून ठेवा.”

कागद पुढे आला आणि मी लिहायला लागले. सांगितलं की करायचं, ही पण लाइनचीच सवय. पहिलं नाव सुनीताचं. लाइनवर माझ्या शेजारी असते. मला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून माझे ओव्हरटाइम तिनं अंगावर घेतले. तिच्या नंबरचे पाच आकडे लिहिले. हात थांबला.

“नंबर नाही देणार. मी शिकायला आलेय.”

“रागावताय कशाला? यात तुमच्याच लोकांचा फायदा आहे.”

“मग तो अभ्यास मला करू द्या.”

मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि उठले.

यादीत नाव आलं नाही. येणार नव्हतंच. लाइनवर सुनीतानं विचारलं, “झालं का गं?”

“न्हाई.”

“मंग आता?”

आता काय. दमलेय मी. घोटे सुजतात, पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. आणखी एक वर्ष गेलं. मधे वाटलं, सोडून द्यावं. पण कँटीनमध्ये मागच्या बाकावर बसले की तो अर्जातला प्रश्न डबा खाऊ देत नाही.

यंदा पुन्हा अर्ज भरलाय. तिथंच. कदाचित तेच दोघं असतील. आत गेल्यावर खुर्ची मी ओढणार आणि बसणार. त्यांनी सांगायच्या आधी. घर कुठल्या बाजूला विचारलं, तर मोठ्यानं सांगणार, आणि मग विचारणार, “सर, तुमचं कुठल्या बाजूला?”