मळवलेलं विमान

नवी कोरी वस्तू बघून ज्याला मनापासून वाईट वाटतं असा माणूस साऱ्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. साडू महाडला दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर लोकांचे पिवळे दात घासूनपुसून पांढरे करतात आणि संध्याकाळी दवाखाना बंद झाला की जवळजवळ त्याच अवजारांनी चकचकीत विमानं मळवत बसतात. विमानं म्हणजे प्लास्टिकच्या सुट्या भागांची पेटी मागवून जोडलेली, वीतभर लांबीची, हुबेहूब लढाऊ विमानं. ती जोडायची, त्यांना सुरेख रंग द्यायचा, आणि मग तो रंग उन्हानं विटल्यासारखा, तेलाचे ओघळ आल्यासारखा, पायलटच्या बुटांनी खरवडल्यासारखा दिसेपर्यंत त्यांची पद्धतशीर दुर्दशा करायची. जोडणं आणि रंगवणं आठवड्यात उरकतं. दुर्दशेला महिने लागतात. "रंग काय हो साडूभाऊ, कुणीही देईल," ते मला समजावतात, "विटवायला अभ्यास लागतो."

हा अभ्यास भर बाजारात चालतो. त्यांच्याबरोबर भाजी आणायला निघालेला माणूस भाजी घेऊन परत येईलच असं नाही. मध्येच ते एखाद्या दुकानाच्या शटरपुढे हात मागे बांधून उभे राहतात. ट्रकवरची ताडपत्री दिसली की मला कोपराने ढोसतात, "बघा, घडीपाशी रंग टिकलाय, उघड्यावरचा उडालाय." एकदा एसटीच्या डेपोत ते एका गाडीच्या मागचा धुराचा डाग इतका वेळ न्याहाळत बसले की कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "काय डाक्टर, गाडीत काय ऱ्हायलं का तुमचं?" एका लग्नात तर यांनी नवरीच्या मामाच्या कोटाचा खांदा दोन बोटांत धरला आणि अत्यंत आदराने विचारलं, "असा विटायला किती वर्षं लागली?" मामा पंगतीतून उठायच्या बेतात होते. मी वकील असल्यामुळे प्रकरण तडजोडीने मिटलं.

दवाखान्याची पाटी हा घरातला कायमचा वादाचा विषय. महाडच्या पावसाने तिच्यावरचं नाव कधीच धुऊन नेलंय, पण साडू ती रंगवू देत नाहीत, कारण तसा विटका निळा त्यांना म्हणे कुठल्याच डबीत मिळत नाही. डोंगरावरच्या कुडपणहून उतरलेले एक म्हातारबाबा एकदा गाल धरून, वैतागून आत आले. "डाक्टर, पाटी दिसतच नाय तुमची. मी समोर न्हाव्याकडं जाऊन तोंड उघडून बसलो. त्यानं दाढी करून दिलीन." साडूंनी त्यांची दाढ फुकट काढली. पाटीला मात्र हात लावला नाही.

माझ्या मेहुणीचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, या छंदात काय काय गेलंय ते तिनेच सांगावं. तिचा केसांचा स्प्रे विमानावर जातो. त्यावर रंग मारून ओल्या ब्रशने घासला की रंगाचे टवके उडतात म्हणे. टवक्यांची दुसरी रीत मिठाची. ओल्या विमानावर मीठ भुरभुरायचं, वर रंग फवारायचा, वाळल्यावर मीठ झाडायचं. एका रविवारी ते झाडलेलं मीठ काटकसरी स्वभावाला अनुसरून परत बरणीत गेलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी हिरवट ठिपक्यांचे पोहे खाल्ले. मेहुणी म्हणाली, "अहो, निदान विमानाचा रंग तरी बघून टाकत जा, केशरी असता तर खपला असता."

असल्या माणसाला सासरे कसे मिळावेत? आमचे सासरे, नाना, पोलादपूरला राहतात. उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात मिग विमानांची देखभाल करण्यात गेली, आणि ती शिस्त घरात आली. त्यांच्या घरचे कडी-कोयंडेसुद्धा झळकतात. चपला पुसल्याशिवाय ते त्या पायात घालत नाहीत. कौतुक हा शब्द मात्र त्यांनी आयुष्यात वापरला नसावा. साडूंनी स्वतः मेहनतीने त्यांची कवळी बनवून दिली, तेव्हा आरशात बघून ते एवढंच म्हणाले, "चावता येतंय." साडू हे बोलून दाखवत नसत, पण नानांनी एकदा तरी आपल्या कामाला बरं म्हणावं यासाठी त्यांचा जीव तुटायचा. आता नानांची नजर अधू होत चालली होती, म्हणून घाई होती.

म्हणून त्यांनी नानांचंच मिग करायला घेतलं. वर्षभर दुसऱ्या कशाला हात लावला नाही. जुने फोटो मिळवले, त्यांतला काजळीचा एकेक ओघळ भिंगाखाली उतरवला. झालं तेव्हा ते विमान खरोखरच नुकतं धावपट्टीवर उतरल्यासारखं दिसत होतं. मलाही क्षणभर विमानाच्या इंधनाचा, रॉकेलसारखा वास आला.

पोलादपूरला आम्ही दोघं ते खोक्यात घालून घेऊन गेलो. नानांनी ते खिडकीशी नेलं, चष्मा वर केला, अगदी डोळ्यांजवळ धरलं. साडू परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे. नानांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"जावईबापू, हे काय?"

"तुमचं विमान, नाना."

"माझं? माझ्या हाताखालून असलं घाणेरडं विमान कधी वर गेलं नाही! हा तेलाचा ओघळ बघा. ही काजळी! लाज वाटली असती मला."

साडूंचा हात पिशवीकडे गेला. पिशवीत ते फोटो होते, त्याच विमानांचे, ओघळांसकट. रंगाच्या बाबतीत हा माणूस भर बाजारात भांडलेला मी पाहिला आहे, आणि हातात असा पुरावा असताना गप्प बसणारा अशील मला आजवर भेटलेला नाही. पण तो हात पिशवीत गेला आणि फोटोंऐवजी टर्पेंटाइनची बाटली आणि दवाखान्यातला कापूस घेऊन बाहेर आला. वाटेत काही खरचटलं तर म्हणून ठेवलेली; तिने वरची काजळी निघते, खालचा रंग राहतो.

"चुकलंच, नाना," साडू म्हणाले. "पुसायला घ्या."

नाना दुपारभर पुसत बसले. नजर अधू होती, पण बोळा बरोबर जिथे जायला हवा तिथे जात होता, आणि पुसता पुसता ते प्रत्येक भागाचं नाव पुटपुटत होते. साडू शेजारी बसून कापसाचे बोळे करून देत होते. वर्षभराची मेहनत काळ्या बोळ्यांच्या ढिगात जमा झाली. शेवटी नानांनी विमान उजेडात धरलं आणि म्हणाले, "आता बरं दिसतंय." मला हसावं की रडावं कळेना. साडू मात्र लहान मुलासारखे खूश झाले होते.

ते विमान आता नानांच्या खिडकीत असतं. रोज सकाळी ते मऊ फडक्याने पुसतात. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा साडूंनी ते हातात घेतलं. रोजच्या पुसण्याने पंखांच्या कडांवरचा हिरवा उडाला होता, खालचं राखाडी दिसू लागलं होतं, आणि नाना जिथे अंगठा टेकवून धरतात तिथे रंग पार पातळ झाला होता. साडू बराच वेळ तिथे बघत राहिले. मग त्यांनी ते अलगद जागेवर ठेवलं आणि आत नानांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाले, "हे मला कधीच जमलं नसतं."