भट्टीपुढची पंधरा मिनिटे

नव्या पाळकांना त्या चर्चच्या मंडळीत येऊन आठ महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात ते फारसे पायी चालले नव्हते. उपासना संपली की मंडळीतले एक ठेकेदार आपल्या गाडीचे दार उघडून उभे असत. आत बसलेले त्यांचे वकील मित्र सरकून जागा करत. कोण भांडकुदळ, कोणाच्या घरी जाण्यात अर्थ नाही, ही सगळी माहिती त्या गाडीत आपोआप मिळे. आपल्या प्रवचनाची वाहवा करणारी ही माणसे शहाणी असली पाहिजेत, असा पाळकांचा समज होता; आणि तो सुखाचा होता.

वाहवा न करणारे एकच माणूस होते : निवृत्त नर्सबाई. पस्तीस वर्षे वॉर्डात काढल्यामुळे, कोणी काही सांगितले की ते पाहिले कोणी, हे विचारण्याची त्यांना खोड जडली होती. त्या दाराशी दिसल्या की पाळकांना गाडीची घाई होई.

मंडळीच्या गाण्याची धुरा एका बेकरीतल्या भट्टीवाल्याकडे होती. त्याच्या खोल आवाजामुळे सगळे त्याला खर्जदादा म्हणत. एकदा गाडीत ठेकेदार म्हणाले, "डोळे पाहिलेत का त्याचे? सकाळी सकाळी लालभडक! बाटलीशिवाय असे डोळे होत नाहीत, साहेब."

पुढच्या रविवारी पाळकांनी नाव घेतले नाही. फक्त 'लाल डोळ्यांनी स्तुती गाणाऱ्यां'विषयी ते तळमळीने बोलले. सगळ्या माना गायकांच्या बाकाकडे वळल्या. खर्जदादाने शेवटचे गीत पूर्ण म्हटले, गाण्याचे पुस्तक मिटून बाकावर ठेवले आणि तो निघून गेला. त्यानंतरचे दोन रविवार गाणे कणा काढून घेतल्यासारखे लुळे पडले.

तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई पाळकांच्या खोलीत येऊन खुर्ची ओढून बसल्या.

"त्याला पिताना कुणी पाहिलं?"

"सगळेच म्हणतात, बाई."

"म्हणतात ते नाही विचारलं. पाहिलं कुणी?"

पाळक मेजावरचे कागद सारखे करू लागले.

"आम्ही असं ऐकून औषधं दिली असती ना, पाळकसाहेब, तर निम्मा वॉर्ड तुमच्याकडेच आला असता. पुरायला."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाळक पायी बेकरीत गेले. खर्जदादा लांब दांड्याच्या फळीवरून पाव भट्टीत सारत होता. पाळकांनी क्षमा मागितली. त्याने वळूनही पाहिले नाही.

"इथं उभं राहा," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं. मी रात्रभर असतो."

पाळक उभे राहिले. भट्टीचे तोंड उघडले की धग आणि धूर एकदमच चेहऱ्यावर येई. पाचव्या मिनिटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पंधराव्या मिनिटाला त्यांना दार सापडेना. तेव्हा कुठे खर्जदादा हसला.

"आता असेच रस्त्यानं जा. लोक काय म्हणतात बघा."

"रविवारी याल?"

"शब्द देत नाही."

कोपऱ्यावरच गाडी थांबली. "अरेरे, साहेब!" ठेकेदारांनी डोळा मारला. "डोळे बघा काय झालेत! कुठं होता रात्रभर? बसा, सोडतो घरी."

"नको. भट्टीवर होतो. पायीच जाईन."

"तिथं? कपड्यांना पीठ लागेल हो!"

"पीठ झटकलं की जातं, ठेकेदारसाहेब. मी बोललो ते जात नाही."

रविवारी खर्जदादा आला, पण अगदी मागच्या बाकावर, दाराजवळ बसला. तो गायकांत परतला नाही, तर या व्यासपीठावर पुन्हा चढायचे नाही, असे पाळकांनी मनाशी ठरवले होते. ते खाली, बाकांच्या रांगेत उभे राहिले. "मी न पाहिलेलं बोललो," ते म्हणाले. "ऐकीव गोष्टीवरून मी एका कष्टाळू माणसाची अब्रू घेतली. ते डोळे भट्टीचे आहेत. दोनच दिवसांपूर्वी माझेही तसेच होते." ठेकेदार बुटांकडे पाहत राहिले.

मग गीताची वेळ झाली, आणि सुरुवात करायला कोणीच नव्हते. पाळकांनी स्वतः तोंड उघडले. पट्टी इतकी वर लागली की दुसऱ्याच ओळीला बायकांचे आवाज फाटले, पुरुष गप्प झाले आणि पाळक एकटेच छपराला टांगल्यासारखे वर राहिले. तरी ते थांबले नाहीत.

मागून कोणीतरी घसा खाकरला. ती गळचेपी खर्जदादाला सोसवेना. त्याने तीच ओळ खाली, माणसांच्या गळ्याला झेपेल अशा सुरात उचलली, आणि गातगातच तो रांगेतून पुढे चालत आला. त्याच्यामागे एकेक बाक उठत गेले. तो आपल्या जागी पोहोचला तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. वकील गात होते, ठेकेदारही गात होते.

उपासना संपल्यावर दाराशी त्याने पाळकांचा हात घट्ट धरला. "प्रवचन तुम्ही सांगा. गाण्याला मात्र पुन्हा हात लावू नका."

नर्सबाई पदर सावरत म्हणाल्या, "आजचं मी पाहिलंय हो."

पुढली बावीस वर्षे, दर शनिवारी दुपारी, पाळकांच्या स्वयंपाकघरातल्या मेजाशी नर्सबाई आणि खर्जदादा उद्याचे प्रवचन ऐकायला बसत. नर्सबाई मध्येच बोट वर करत, आणि पाळक हसत हसत ती ओळ खोडत.