आमच्या चुलीचा विकलेला धूर

आईची चूल फोडली त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून घरी गेले होते. जव्हारला एका दवाखान्यात मी नर्स आहे. चुलीचा धूर बायकांच्या छातीचं काय करतो ते रोज बघते. आईला मी कितीतरी वर्षं सांगत होते, की हा धूर सोड. सरकारी गॅसचा सिलिंडर घरात आला होता, तो संपला आणि खाटेखाली सरकला. तिचे डोळे सतत लाल, पहाटे उठली की खोकला. त्यामुळे पाड्यावर बिनधुराच्या शेगड्या येणार हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता.

आमचा पाडा खोडाळ्याहून फार लांब नाही. उन्हाळ्यात तिथे एक संस्था आली. सोबत कामाला माझ्याच आश्रमशाळेतला, माझ्या वर्गातला मुलगा होता, शेजारच्या गावचा. त्यानेच सगळ्यांना झाडाखाली बसवून समजावलं. म्हणाला, जगात धूर फार झालाय, मोठमोठ्या देशांना तो कमी करायचाय. तुम्ही शेगडी वापरलीत की जेवढा धूर कमी होईल तेवढा मोजला जाईल. तो वाचलेला धूर एक कंपनी विकत घेईल. त्यातूनच तुम्हाला शेगडी फुकट.

"न झालेला धूर विकत घेणार?" बाने विचारलं.

"हो बाबा, कागदावर."

लोक हसले. फुकट मिळतंय म्हटल्यावर कोणी जास्त खोलात गेलं नाही. अट एकच होती, जुनी चूल फोडायची. दोन्ही असल्या तर मोजणीत गडबड होते, असं तो म्हणाला.

आईची चूल वारुळाच्या मातीची होती. शेजारी वैल, म्हणजे चुलीला जोडलेलं दुसरं तोंड, त्यावर भात मुरायला ठेवायचा. दर पावसाळ्याआधी ती चुलीला नवीन हात द्यायची. त्या दिवशी तिने सकाळी शेवटच्या भाकऱ्या भाजल्या, राख काढली, आणि चूल शेणाने स्वच्छ सारवली. फोडायची चूल कशाला सारवतेस, असं मी विचारलं. तिने वर कुंकू लावून चार तांदूळ ठेवले.

माझा वर्गमित्र कुदळ घेऊन उभा होता. त्याने एक घाव घातला, तो कडेलाच लागला. दुसरा घालायच्या आधीच त्याने कुदळ खाली टेकवली. "मावशी, मला जमत नाय," म्हणाला.

"दे इकडं." आईने कुदळ घेतली आणि स्वतःच चूल फोडली. मग त्याला फोटो हवा होता. त्याने आईला त्या ढिगाऱ्याशेजारी बसवलं. "मावशी, थोडं हसा."

ती हसली. तो फोटो मी नंतर त्याच्या मोबाईलवर पाहिला. पाहुणे आल्यावर हसते तसंच ती हसली होती.

पहिले काही महिने खरंच बरे गेले, हे सांगितलंच पाहिजे. लाकूड कमी लागायचं. तिच्या डोळ्यांची लाली उतरली. शेगडीच्या पायाला एक छोटं पांढरं यंत्र बांधलं होतं, त्यात बारीक दिवा लुकलुकायचा. शेगडी कधी तापली, किती वेळ तापली, याची ते नोंद ठेवायचं. आई त्याला विंचू म्हणायची आणि त्याच्यासमोर बाशी भांडायची नाही.

थंडी पडायच्या आधी, मी सुट्टीला घरी असताना, पाहुणे आले. दोन मोठ्या गाड्या, बरोबर दुभाषी. धूर विकत घेणाऱ्या कंपनीचे साहेब होते, त्यांचा सिमेंटचा कारखाना. ऊन चांगलंच होतं, म्हणून गाड्यांचे एसी बंद केले नाहीत. ते आमच्या घरात बसले होते तेवढा वेळ बाहेर इंजिनं घुरघुरत होती. आईने भाकरी भाजून दाखवली, त्यांनी तुकडा मोडून खाल्ला. साहेब खूश झाले. दुभाष्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, तुमच्यासारख्या भगिनींमुळे आमचा कारखाना आता स्वच्छ झाला."

बाचा चेहरा उतरला. त्याचा भाऊ भिवंडीला एका कारखान्यात होता, तो बंद पडला तेव्हा रिकाम्या हाताने परत आला होता. बाने काळजीने विचारलं, "म्हणजे बंद केला? मग कामाची माणसं कुठं गेली?"

दुभाष्याने विचारून घेतलं. "नाही नाही बाबा. चालूच आहे. उलट वाढवतायत."

"बरं झालं," बा म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. मला मात्र त्या क्षणी कळलं की आपण काय दिलंय. आईने चूल फोडली होती आणि त्यांची भट्टी वाढली होती. हे दोन्ही मिळून कुठेतरी कागदावर शून्य झालं होतं. पाहुणे लगेच निघाले, त्यांना संध्याकाळ व्हायच्या आत जव्हारजवळचं शिरपामाळ हे फिरायचं ठिकाण बघायचं होतं.

त्याआधीच्या पावसाळ्यात काय झालं होतं, ते त्यांना कोणी सांगितलं नाही. शेगडीचं तोंड लहान. त्यात बारीक चिरलेलं, कोरडं लाकूडच जळतं. आमच्याकडे पाऊस लागला की आठ-आठ दिवस कोरडं काही राहत नाही. चुलीवर बांबूची ताटी होती, तिच्यावर मक्याची कणसं आणि बियाणं धुरात वाळायचं. त्या वर्षी कणसांना बुरशी आली. काकडीचं बी काळं पडलं. ते बी आईने लग्नानंतर माहेराहून आणलेलं, दरवर्षी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात लावायची. आखूड, पांढरट काकडी, गोड. वाशांना वाळवी लागली. बाची घोंगडी पावसाळाभर ओली, तोही ओला. शेगडीभोवती बसून शेकता येत नव्हतं. तो भिंतीला टेकून बसायचा.

पुढच्या पावसाला आई बी मागत पाडाभर फिरली. सगळ्यांच्याच घरी शेगड्या होत्या. तसलं बी कोणाकडेच उरलं नव्हतं. मोखाड्याच्या बाजारातून मी पाकिटातलं बी आणून दिलं. काकड्या लांब, हिरव्या आल्या. आईने एक चाखली आणि बाकीच्या शेजारी वाटून टाकल्या.

नंतर शेगडीच्या आतलं भाजलेल्या मातीचं अस्तर तडकलं. पत्रा तापून लाल व्हायला लागला, आईचा हात भाजला. मी वर्गमित्राला फोन केला. तो आता जव्हार-मोखाडा जीप चालवत होता.

"आमचं काम कधीच संपलं," तो म्हणाला. "ऑफिस पण बंद झालं."

"मग दुरुस्ती कोण करणार? तूच म्हणाला होतास, बरीच वर्षं टिकेल म्हणून."

"ते त्यांनी हिशोबात धरलंय ना टिकेल असं. पुढच्या कितीतरी वर्षांचा तुमचा धूर आधीच विकून झालाय."

"पण शेगडी मोडलीय. आई परत चूल पेटवणार."

त्याच्या मागे कोणीतरी जीप कधी सुटणार म्हणून ओरडत होतं. "पेटवू दे," तो म्हणाला. "आता कोणी मोजत नाय."

आईने पुन्हा चूल घातली. माती आणायला मी बरोबर गेले. तिच्या हातात आता पहिला जोर नाही. चूल वाकडी झाली, वैलाकडे आग जातच नाही, आणि धूर पहिल्यापेक्षा जास्त होतो. बा मात्र पुन्हा चुलीजवळ बसतो. मी सुट्टीला गेले की आईच्या पाठीला कान लावते. आत शिट्टी वाजल्यासारखं होतं. चूल सोड, असं आता मी तिला म्हणत नाही. काय तोंडाने म्हणू? दवाखान्यातल्या टीव्हीवर आपला देश कसा स्वच्छ ऊर्जेकडे निघालाय ते सांगत असतात, तेव्हा मी वॉर्डात निघून जाते.

गेल्या महिन्यात दुसरे लोक आले होते. त्यांना आमच्या वरकस उतारावर, नागलीच्या जागी, झाडं लावायची आहेत. झाडांनी शोषलेली हवा मोजणार आहेत. सभेत बिस्किटं वाटली आणि हात वर करायला सांगितलं. आईनेही हात वर केला.

मी चिडले. "इतकं होऊनसुद्धा तू हात वर केलास?"

आई नागली पाखडत होती. "सगळ्यांनी केला, बाय," ती म्हणाली. "नाय केला तर ती माणसं संध्याकाळपर्यंत समजावत बसली असती."